नवीन वेबसाइटला साइनअप मिळवायला "फक्त इन्व्हाइटवर प्रवेश" असं मुद्दाम ठेवलं तर चालतं का?

चालतं, पण त्यामागं काहीतरी खरं कारण पायजे. आम्ही खोटं करून तोंडावर आपटलोय म्हणून सांगतो.

मी आणि एका मित्रानं कोल्हापुरात साइट काढली होती, उद्यमनगरात (छोट्या वर्कशॉपचा भाग) कुणाची लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं मशीन, रिकामी आहे, कुणाला टर्निंगचं, म्हणजे ते कातायचं, काम बाहेर द्यायचंय, दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच. साइनअप काय येईनात, तेव्हा मित्राच्या डोक्यातून निघालं की पानावर मोठ्या अक्षरात टाकू, 'फक्त 100 वर्कशॉपना प्रवेश, 12 जागा शिल्लक'. आत होतो आम्ही दोघं, माझा चुलतभाऊ आणि टेस्टिंगचं एक खातं 😅 तो 12 मीच हातानं टाइप केलेला, कमी व्हायची सोयच नव्हती त्याला.

आठवड्यात चाळीसेक जण आले, आम्ही लई खूश. मग एका काकांच्या गाळ्यावर गेलो तर त्यांनी कूलंटचा हात फडक्याला पुसला, मोबाईल काढला आणि म्हणाले, "परवा बी बाराच हुत्या की रं. आन् ह्या पोराच्या मोबाईलवर बी बाराच. जागा भरंनात का तुमास्नी मोजाय येत न्हाई?" पोरगा लेथ बंद करून हसायला लागला. चहा येईपर्यंत ते गल्लीभर झालं होतं.

पण खरं सांगू का, आकडा पकडला गेला नसता तरी साइट मेलीच असती. चाळीसात पस्तीस लेथवाले, काम देणारे मोजून पाच, त्यातले दोन इचलकरंजीचे. माणूस आत येऊन बघतोय तर काम काहीच नाही, मग परत कशाला येईल?

लोक जीमेलचं उदाहरण देतात. ते 1 एप्रिल 2004 ला आलं, 1 जीबी जागा, तेव्हा हॉटमेल 2 एमबी देत होतं, आणि सगळ्यांना एकदम घ्यायला सर्व्हरच नव्हते म्हणून इन्व्हाइट. इन्व्हाइट ईबेवर विकली गेली, 2007 च्या फेब्रुवारीत कुठं सगळ्यांना उघडलं. पण तुम्ही एकटे जरी जीमेलवर असला तरी याहूवाल्याला मेल जातच होता की. त्याच गूगलनं 2009 मध्ये गूगल वेव्हला, म्हणजे चार जणांनी मिळून एकाच पानावर लिहायच्या-बोलायच्या साधनाला, तेच केलं, तर ज्याला इन्व्हाइट मिळालं त्याचे ऑफिसवाले बाहेर, एकटा आत बसून करणार काय, वर्षाच्या आत त्यांनी काम थांबवलं. आणि फेसबुक 2004 ला आलं ते फक्त हार्वर्डवाल्यांसाठी, म्हणजे आत गेल्यावर वर्गातलीच पोरं भेटणार. एकेक कॉलेज करत 2006 ला सगळ्यांना खुलं.

तुमची साइट कशाची ते लिहिलं नाहीये तुम्ही. एकट्याला उपयोगी असेल तर आकड्यानं अडवा, म्हणजे इतकेच जण घेणार असं खरं ठरवून, हरकत नाही. दुसरा माणूस असल्याशिवाय काम होत नसेल तर आकड्यानं नको, एक गल्ली, एक धंदा, एक कॉलेज असं धरा आणि ते पूर्ण भरा.

आणि कारण तोंडावर सांगा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात, दूध संपलं की संपलं, कोण भांडत नाही. खोटे 'जागा शिल्लक' तर आता नियमातही बसत नाहीत, केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 च्या नोव्हेंबरात डार्क पॅटर्नची, म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांची, यादी काढली, त्यात खोटी घाई पहिल्याच नंबरावर आहे.

आम्ही नंतर आकडा काढला आणि फक्त उद्यमनगरचे गाळे घेतले, प्रत्येक ठिकाणी जाऊन मशीनचा फोटो काढून, काम देणारे आधी. ते काका पण आले (टोमणा मारूनच). शिरोली एमआयडीसीतला एक जण सारखा फोन करायचा, आमचं कधी? त्याला सांगितलं, तिकडं फिरायला माणूस नाही अजून. थांबला बिचारा दीड महिना, कुरकुर न करता.