इंजिन बांधल्यानंतरची ऑईल गळती: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावे

आपण लिहिले आहे की चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन पूर्ण खोलून नव्या रिंगा, बेअरिंग आणि सगळी नवी गॅस्केट घालून बांधले, गाडी थोडी चालली, आणि आता इंजिन व गिअरबॉक्स जिथे जोडले आहेत तिथून खाली ऑईल टपकते. क्रँकशाफ्टचे मागचे ऑईल सील गेले असे गृहीत धरून गिअरबॉक्स उतरवायचे ठरले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की हे काम थोडे थांबवावे. बेल हाऊसिंग, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स जोडणारे आवरण, ही इंजिनाच्या मागच्या बाजूची सर्वांत खालची जागा असल्यामुळे वर कुठेही पाझरलेले ऑईल ब्लॉकवरून ओघळत, आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जात, शेवटी तिथेच येऊन टपकते. थेंब कुठे पडतो यावरून फारसे काही कळत नाही. सर्वांत उंचावर ओल कुठे आहे, ते शोधायचे असते.

पडणारे ऑईल इंजिनाचेच आहे ना, हे आधी ठरवावे. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गळले तरी थेंब त्याच जागी पडतो, आणि नुकत्याच बांधलेल्या इंजिनातील ऑईल अजून काळे झालेले नसल्यामुळे रंगावरून फसगत होते. पांढऱ्या कागदावर थेंब घेऊन वास घ्यावा. बहुतेक गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो, तो एकदा ओळखला की विसरत नाही. त्याच वेळी डिपस्टिकवरची पातळीही पाहावी. ऑईल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले गेले असेल, तर आधी ते खुणेपर्यंत काढून मगच पुढचा तपास करावा.

यानंतरची तपासणी बहुतेकजण करत नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे: क्रँककेसमधील, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या बंद भागातील, दाब. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसेपर्यंत जळालेला वायू नेहमीपेक्षा थोडा जास्त खाली येतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरचा (वायू बाहेर सोडणाऱ्या नळीचा) मार्ग मोकळा असेल तर काही बिघडत नाही. परंतु जोडणी करताना ब्रीदरची नळी दुमडली, चुकीच्या तोंडाला लागली किंवा जुना चिकटलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधील वायू ओढून घेऊ देणारी झडप) तसाच परत बसवला, तर तोच वायू आत कोंडतो आणि निर्दोष सीलच्या ओठांतूनही ऑईल बाहेर ढकलतो. अशा इंजिनात सील कितीही वेळा बदलले तरी गळती परत येणारच. तपासायला पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात थोडे पाणी घ्यावे, तिचे एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवावे, दुसरे मोकळे ठेवावे आणि गरम इंजिन आयडलवर चालू ठेवावे. पीसीव्ही असलेल्या निरोगी इंजिनात पाणी डिपस्टिकच्या बाजूला किंचित ओढले जाते. पाणी मोकळ्या टोकाकडे चढले, तर आत दाब साचतो आहे. तसे असल्यास सीलला हात लावण्याआधी ब्रीदरचा मार्ग दुरुस्त करावा.

दाब ठीक असेल तर अल्टरनेटर आणि विजेचे जोड प्लास्टिकने झाकून इंजिन डिग्रीझरने धुवावे आणि हवेने पूर्ण कोरडे करावे. जोडणीच्या वेळी सांडलेले ऑईल ब्लॉकच्या खाचांत साठून नंतर बरेच दिवस झिरपत राहते, म्हणून न धुता काढलेल्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवत नाही. मग गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाकून इंजिन चालू न करता ती रात्रभर उभी ठेवावी. क्रँकशाफ्टचे सील चेंबरमधील (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यातील) ऑईलच्या पातळीच्या वर असते, त्यामुळे बंद इंजिनातही थेंब पडत राहिले तर संशय चेंबरच्या जोडावर किंवा ड्रेन प्लगच्या वॉशरवर घ्यावा. पुठ्ठा कोरडा राहिला तर ऑईलमध्ये यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) मिसळून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे आणि अतिनील दिव्याने वरून खाली पाहत यावे. डाय मिळत नसेल तर संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. पहिला ओघळ तिच्यावर स्पष्ट उमटतो.

सुरुवात टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यापासून करावी. तिथे अर्धचंद्राकृती रबर किंवा कॅमच्या कॅपचा जोड असेल आणि त्या कोनात सिलंटचा ठिपका राहून गेला असेल, तर ऑईल थेट बेल हाऊसिंगवर उतरते. ऑईल प्रेशर स्विचचे कनेक्टर काढून आत बघावे. पिनांभोवती ऑईल साचलेले असेल तर स्विच आतून फुटला आहे. गॅलरीचे (ब्लॉकमधील ऑईलच्या वाटांचे) प्लग सफाईसाठी काढले होते का, हे ज्यांनी इंजिन बांधले त्यांना आवर्जून विचारावे, कारण तिथे कित्येक बारचा दाब असतो. जुन्या फिल्टरचे रबर ब्लॉकला चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर बसला, असेही घडते. चेंबर गळत असेल तर बोल्ट आणखी आवळू नयेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, आणि त्याहून फार आवळले की पत्र्याची कड बोल्टभोवती दबून मधला भाग उचलला जातो.

वरचे सगळे कोरडे निघाले तरच गिअरबॉक्स उतरवावा, आणि उतरवल्यावर काहीही पुसू नये. फ्लायव्हीलवर (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाच्या जड चाकावर) बोल्टांपासून बाहेरच्या कडेकडे गेलेल्या ओलसर रेषा असतील, तर ऑईल बोल्टांच्या आट्यांतून येत आहे. अनेक इंजिनांत ही छिद्रे आरपार क्रँककेसमध्ये उघडतात आणि आट्यांना सिलंट लागते. फ्लायव्हीलच्या मागे सीलच्या वर ओल असेल, तर गॅलरी किंवा कॅमचा प्लग पाहावा. सीलच्या खालीच ओल असेल, तर दोष सीलचा. अशा वेळी क्रँकशाफ्टवर नख फिरवून पाहावे. जुन्या सीलने खाच पाडलेली असेल तर नव्याचा ओठ त्याच खाचेवर येऊ देऊ नये. सील थोडे पुढे-मागे बसवावे किंवा दुरुस्तीची स्लीव्ह चढवावी. साध्या रबरी सीलच्या ओठाला ऑईल लावतात, मात्र पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) सील सहसा कोरडेच बसवायचे असते आणि उत्पादकाने सांगितलेला वेळ जाईपर्यंत क्रँकशाफ्ट फिरवायचा नसतो.