गाडीचे पैसे रोख देण्याआधी

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एमएच-10 पासिंगची 2017 ची वॅगन-आर, मालक 3,40,000 म्हणतोय आणि सगळे पैसे रोख दिलेस तर 20,000 सोडतोय. एजंट घाई करतोय आणि तू उद्या-परवा बँकेतून पैसे काढणार आहेस. म्हणून लगेच लिहितो. एवढी रक्कम रोखीत देऊ नकोस. सवलत मात्र सोडू नकोस, ती वेगळ्या वाटेने मिळते.

आधी कायदा. 2017 पासून आयकर कायद्याने 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला बंदी केली आहे. पुरते 2 लाखही त्यात आले. एजंट म्हणेल, सोमवारी दीड लाख दे, गुरुवारी उरलेले दे, दोन पावत्या करू. त्याने काहीच साधत नाही. ही मर्यादा एका दिवसाला आहे तशी एका व्यवहारालाही आहे, आणि गाडी एक म्हणजे व्यवहार एकच. दंड बसतो तो पैसे घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका. हे मालकाला नीट समजावून सांग. बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं. ऊस-द्राक्षाच्या पैशाला कर नाही म्हणून ही बंदीही लागू नाही, असा समज आपल्याकडे आहे, तो चुकीचा आहे.

दंड त्याला, मग आपलं काय जातं, असं मनात आणू नकोस. एवढी रोख घेणारा माणूस पूर्ण रकमेची पावती द्यायला बिचकतो. ‘कागदावर दीड लाख लिहू’ हे वाक्य तिथून येतं. उद्या गाडी चोरीची निघाली, तिच्यावर कर्जाचा बोजा निघाला किंवा मालकाने नाव चढवून द्यायला टाळाटाळ केली, तर तू परत मागू शकतोस ते दीड लाखच. बाकीचे दिलेस हे सिद्ध कशाने करणार? एजंटाची साक्ष तेव्हा मिळत नाही.

मालक रोख मागतो म्हणजे तो लबाडच, असं नाही. चेक परत येईल ही त्याची भीती रास्त आहे. त्याला पैसे लगेच आणि खात्रीचे हवे असतात. मग त्याला आरटीजीएस दे. 2 लाख आणि त्यापुढच्या रकमेला ते चालतं, सुट्टीच्या दिवशीही चालतं, आणि त्याच्यासमोर त्याच्या मोबाइलवर जमा झाल्याचा संदेश येतो. नेटबँकिंगमध्ये नवा खातेदार जोडला की पहिले काही तास बहुतेक बँका मर्यादा ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी त्याचं खातं जोड आणि एक रुपया पाठवून नाव जुळतंय का पाहा. एवढं दाखवलंस की ‘पैसे तयार आहेत, 20,000 कमी करा’ म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. सवलत मिळते ती रोकड्या खरेदीदाराला, आणि कर्ज मंजूर व्हायची वाट न पाहणारा प्रत्येक जण रोकडाच असतो.

आता गाडी. सांगलीत घेतोयस आणि गाडी 2017 ची आहे, म्हणजे तिने ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 असे दोन्ही पूर पाहिलेत. त्या वेळी ती कुठे उभी होती, हे थेट विचार. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर ही नावं आली तर जास्त बारकाईने बघ. धुऊन-पुसून, नवे सीटकव्हर घालून गाडी चकाचक करता येते, पण काही जागी हात पोचत नाही. पुढच्या दोन्ही सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून काढ. एरवी गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याचा डाग किंवा बारीक चिखल राहतो. सीट पूर्ण मागे सरकवून खालच्या रेलचे बोल्ट पाहा. एवढ्या जुन्या गाडीला तिथे थोडा गंज समजू शकतो, पण चारही बोल्ट खरपुडी धरल्यासारखे असतील तर पाणी आत होतं. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघ, दाराजवळचं कार्पेट उचलून वास घे. इंजिन पाण्यात गेलं तर ते उघडून सुधारता येतं. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी मात्र आतल्या आत तांबं खात राहतं आणि दीड-दोन वर्षांनी कधी काच वर जात नाही, कधी गाडीच सुरू होत नाही. असा दोष शोधताना मिस्त्रीची मजुरीच गाडीच्या जिवावर उठते. संशय आला तर सौदा सोड, भाव पाडून घेऊ नकोस.

विम्याची पॉलिसीही माग. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा असेल, तर त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, किती टक्के लिहिलाय ते पाहा. मालकाने बरीच वर्षं गाडी वापरली आणि बोनस शून्य असेल, तर गेल्या वर्षी क्लेम झालाय का ते विचार.

कागदांत सगळ्यात आधी आरसीवर बोजा आहे का बघ. परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकलास की ते दिसतं, आणि थकलेली ई-चलानंही तपासून घे. आपल्या भागात बँकेइतकाच पतसंस्थेचा बोजा आढळतो. कर्ज फिटलं पण बोजा उतरवायचा राहिला, असं असेल तर पतसंस्थेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. कर्ज अजून चालू असेल तर किती बाकी आहे त्याचं पत्र मागून घे आणि तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भर, मालकाच्या हातात नाही.

आरसीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं खातं, तिन्ही एकाच माणसाचं हवं. ‘गाडी वडिलांच्या नावावर, ते वारले’ असं असेल तर आधी वारसाने फॉर्म 31 भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची, मग तुला विकायची. चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळव. आरटीओला त्याची पेन्सिल छाप बहुधा लागते, ती स्वतः उभं राहून घे. आणखी एक गोष्ट हल्ली फार अडवते : आरटीओच्या नोंदीत मालकाचा जो मोबाइल नंबर आहे तो चालू हवा. ऑनलाइन ट्रान्सफरचा ओटीपी तिथे येतो. नंबर बंद असेल तर तो बदलून घेईपर्यंत विसाराच्या पलीकडे पैसे देऊ नकोस.

पैसे असे सोड. विसार 10,000, यूपीआयने, ‘गाडी नंबर अमुक, विसार’ असं लिहून. टीटीओचे, म्हणजे मालकी बदलायचे फॉर्म, फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30, भरून सह्या झाल्या, ओटीपी लागला, अर्जाची पावती निघाली, की 2,60,000 आरटीजीएसने. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन एजंट ‘मी बघतो’ म्हणाला तर नको म्हण. असे फॉर्म महिनोन् महिने ड्रॉवरमध्ये पडतात आणि गाडी जुन्याच नावावर फिरते. उरलेले 50,000 आरसीवर तुझं नाव चढल्यावर. मालक कुरकुरेल, त्याला समजाव : नाव लवकर बदलण्यात त्याचंही भलं आहे, कारण अपघात झाला तर कायद्यापुढे मालक म्हणून नोंदीतलंच नाव धरलं जातं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे.

त्याला रोखीचा फारच आग्रह असेल तर ते शेवटचे 50,000 रोख दे. 500 च्या नोटांची एक गड्डी. सेल्फ चेकने शाखेतून काढ, मालकालाही तिथेच बोलाव, मशीनवर मोजून दे. जमलं तर त्याने त्याच काउंटरवर भरून टाकावी, म्हणजे एखादी नोट खोटी निघाल्याचा वाद नंतर उठत नाही.

पावती एकाच कागदावर, एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, सही स्टॅम्पवरून गेलेली असू दे. मजकूर असा : ‘गाडी क्र. …, चेसिस क्र. …, इंजिन क्र. … ही एकूण रु. 3,20,000 ला विकली. पैकी रु. 10,000 यूपीआयने, रु. 2,60,000 आरटीजीएसने, यूटीआर (बँकेचा व्यवहार) क्र. …, रु. 50,000 नाव चढल्यावर देणे. आज दि. … रोजी … वाजता ताबा दिला. या वेळेपूर्वीची चलानं, कर व अपघात यांची जबाबदारी विकणाराची.’ ताब्याची वेळ तासा-मिनिटासकट लिही. त्या दिवशी सकाळी गाडीने कुणाला धडक दिली असेल, तर तीच वेळ तुझ्या बाजूने बोलेल. 50,000 दिल्यावर त्याच कागदाखाली पोच घे, रोख असेल तर नोटांची संख्याही लिही.

नाव बदलायचा अर्ज ताब्यापासून 30 दिवसांत, विमा कंपनीला 14 दिवसांत. विम्यातला नो क्लेम बोनस मालकासोबत जातो, फरकाचे पैसे तुला भरावे लागतील, तेवढे बाजूला ठेव.

विसार देण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजू, पॉलिसी आणि चेसिस नंबर यांचे फोटो मला पाठव. आणि गाडी बघायला जाताना दिवसाच्या उजेडात जा, मिस्त्री आपला ने, एजंटाचा नको.

कळावे.