शंका-समाधान : सिम्युलेशन पास, तरी सीडीसीच्या हजार तक्रारी

प्रश्न : आमच्या डिझाइनमध्ये ३ स्वतंत्र क्लॉक आहेत. सिम्युलेशन बिनचूक चालते, पण सीडीसी (क्लॉक डोमेन क्रॉसिंग, म्हणजे एका क्लॉकच्या भागातून दुसऱ्या क्लॉकच्या भागात जाणारे सिग्नल) तपासणारे टूल हजारावर व्हायोलेशन दाखवते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी सिम्युलेशनवरचा भरवसा कमी करा. साध्या आरटीएल (सर्किटचे कोडमधले वर्णन) सिम्युलेशनमध्ये मेटास्टेबिलिटी, म्हणजे फ्लॉपचे (एक बिट साठवणाऱ्या सर्किटचे) आउटपुट काही काळ ० आणि १ च्या मध्ये अडकणे, दिसतच नाही. असिंक्रोनस (एकमेकांशी वेळेचा मेळ नसलेले) म्हणून वगळलेले मार्ग स्टॅटिक टायमिंग, म्हणजे सिम्युलेशनशिवाय होणारी वेळेची तपासणीही तपासत नाही.

व्हायोलेशनच्या यादीला हात लावण्यापूर्वी एसडीसी फाइल (क्लॉक आणि टायमिंगच्या अटींची फाइल) बघा. एकाच पीएलएलमधून (क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटमधून) निघालेली क्लॉक चुकून असिंक्रोनस ठरवली, किंवा इनपुट पोर्टला क्लॉक नेमलेच नाही, की खोट्या तक्रारींचा पूर येतो. रीसेटनंतर न बदलणारी कॉन्फिगरेशन रजिस्टर स्थिर म्हणून नोंदवा. सरसकट वेव्हर (तक्रार माफ करण्याची नोंद) मात्र देऊ नका. खरी चूक त्यातच दडते.

१ बिटाचे सिग्नल सोपे. २ फ्लॉपचा सिंक्रोनायझर लावा, दोहोंमध्ये लॉजिक नको. त्याच्या आधीही नको, कारण तिथला ग्लिच (क्षणिक चुकीचा पल्स) पलीकडचा फ्लॉप पकडू शकतो. सिग्नल मूळ क्लॉकच्या फ्लॉपमधूनच बाहेर काढा. संथ क्लॉककडे जाणारा पल्स त्या क्लॉकच्या किमान दीड पिरियडइतका रुंद हवा, नाहीतर तो निसटतो.

खरा घात बसमध्ये (एकत्र जाणाऱ्या अनेक बिटांमध्ये) होतो. ८ बिटांना ८ वेगळे सिंक्रोनायझर लावले की काही बिट एक सायकल उशिरा पोचतात आणि कधीच न पाठवलेली किंमत वाचली जाते. ७ वरून ८ होताना साध्या बायनरीत ४ बिट एकदम बदलतात, ग्रे कोडमध्ये एकच. म्हणून असिंक्रोनस फिफोच्या (दोन क्लॉकमधल्या डेटाच्या रांगेच्या) पॉइंटरला ग्रे कोड, सुट्या डेटाला हँडशेक (‘पाठवले’ आणि ‘मिळाले’ अशा खुणांची देवाणघेवाण). टूलच्या अहवालात ‘रीकन्व्हर्जन्स’ (वेगवेगळ्या सिंक्रोनायझरमधून आलेले सिग्नल पुन्हा एकत्र येणे) हा विभाग म्हणूनच सर्वांत सावकाश वाचा.