जुन्या गाडीला स्पॉयलर: आधी विचारा, मग भोक पाडा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर जुन्या गाड्या झाकणाखालून बाहेर निघतात आणि माझ्याकडे तेच ते प्रश्न यायला लागतात. डिकीवर स्पॉयलर, म्हणजे हवा अडवण्यासाठी मागे लावतात ती पट्टी, बसवू का, कसा बसवू, कोण बसवेल. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा निवडक प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देतो.

माझी प्रीमियर पद्मिनी आहे. मित्र म्हणतो, स्पॉयलर लावला की मायलेज वाढतं. खरं का? (राजारामपुरी)

नाही. टायरमधली हवा आणि कार्ब्युरेटर तपासून घ्या.

कॉन्टेसा पुण्यापर्यंत ८०-९० च्या वेगाने नेतो. स्पॉयलरमुळे गाडी रस्त्याला जास्त धरेल का? परदेशात तर कंपन्याच लावून द्यायच्या. (शाहूपुरी)

या वेगाला तुम्हाला फरक जाणवणार नाही. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे ८० ला जे होतं त्याच्या चौपट १६० ला. पोर्शने १९७२ मध्ये कॅरेरा आरएसच्या मागे जो उंचवटा दिला, तो २०० च्या पुढे पळणाऱ्या गाडीसाठी. बीएमडब्ल्यूच्या ३.० सीएसएलचा मोठा विंग तर शर्यतीसाठी होता. जर्मनीत तो रस्त्यावर कायद्याने चालत नव्हता, म्हणून कंपनी तो डिकीत ठेवून गाडी द्यायची. हे सगळं मोजमाप करून, त्या त्या गाडीच्या आकारावर ठरवलेलं. बाजारात ‘सर्व गाड्यांना चालेल’ म्हणून विकतात ती फायबरची पट्टी कुठल्याच गाडीसाठी मोजलेली नसते. मागची काच उभी असलेल्या गाडीत हवा बऱ्याचदा छताच्या कडेलाच सुटते आणि डिकीवरची पट्टी घुसळलेल्या हवेत नुसती उभी राहते. शोभेसाठी लावायची असेल तर तसं म्हणा, माझी ना नाही. पण गाडी हायवेवर हलत असेल तर आधी चाकांच्या जोडातले रबरी बुश, शॉकअॅब्सॉर्बर आणि अलाइनमेंट दाखवून घ्या.

पेंटर म्हणतो चार भोकं पाडून बोल्ट मारू. दुकानदार म्हणतो टेपने चिकटतो, भोक कशाला? कुणाचं ऐकू? (गडहिंग्लज)

गाडी बघितल्याशिवाय दोघांचंही नाही. या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्यासमोर येणाऱ्या सडलेल्या डिक्यांची सुरुवात बहुतेक वेळा अशाच भोकातून झालेली असते.

डिकीचं झाकण म्हणजे एक पत्रा नव्हे. वर बाहेरचा पत्रा, खाली आतला सांगाडा, मध्ये पोकळी. ड्रिल मारलं की लोखंडाचा चुरा त्या पोकळीत पडतो आणि तळाच्या कडेला जाऊन बसतो. पहिल्या पावसात तो गंजतो, पाणी निघून जायची बारीक भोकं बुजवतो, आणि झाकण खालच्या कडेने आतून खायला लागतं. बाहेर काही दिसत नाही. दिसतं तेव्हा कडेचा रंग फुगलेला असतो आणि खाली पत्रा उरलेला नसतो. भोकाच्या कापलेल्या कडेवर ना रंग ना प्रायमर. वर स्पॉयलर आणि झाकण यांच्या फटीत पाणी साचून राहतं. गगनबावडा, राधानगरीच्या धो धो पावसात गाडी नेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

टेपचं वेगळंच दुखणं आहे. टेप रंगाला धरते, पत्र्याला नाही. जुनी गाडी दोन-तीनदा रंगवलेली असते आणि खाली पुट्टीचा थर असतो. टेप कितीही चांगली असू दे, पुट्टीच पत्र्यावरून सुटली की स्पॉयलर रंगासकट जातो. हायवेवर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या अंगावर तो पडला तर काय होईल, याचा विचार ‘भोक कशाला’ म्हणणारा दुकानदार करत नाही. त्याला आजचा माल आज विकायचा असतो. चांगल्या टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तो मात्र अर्ध्या तासात गाडी धुऊन हातात देतो.

माझा सल्ला: मूळ झाकणाला हात लावू नका. भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचं दुसरं झाकण शोधा, स्पॉयलर त्यावर बसवा आणि मूळ झाकण कोरड्या जागी जपून ठेवा. हौस फिटली की गाडी परत जशीच्या तशी. भोक पाडायचंच असेल तर आतला सांगाडा कुठे आहे ते बघून जागा ठरवा. आधी बारीक ड्रिल, मग मोठं. चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्या, कड घासा, इपॉक्सी प्रायमर आणि रंग वाळू द्या. स्टीलचे न गंजणारे बोल्ट, वर रबरी वॉशर, खाली रुंद पट्टी. फायबर तडकेल इतकं आवळायचं नाही. आणि हे सगळं एखाद्या जाणत्या डेंटरला गाडी दाखवल्यावरच.

बसवून दोन पावसाळे झाले. एका बोल्टभोवती रंगाला फोड आलाय. पुढच्या पावसाळ्याआधी बघितलं तर चालेल? (इचलकरंजी)

नाही. या आठवड्यात स्पॉयलर उतरवून घ्या. वरून टचअप करून फोड झाकू नका, त्याने गंज आत निवांत वाढतो.

गाडीला ५० वर्षं पूर्ण झाली. विंटेज नोंदणी करायची आहे. स्पॉयलर असला तर चालेल? (जयसिंगपूर)

अर्ज करण्याआधी उतरवा. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडीच ‘व्हीए’ नंबरसाठी पात्र ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. स्पॉयलर ‘मोठा बदल’ धरायचा की नाही, हा वाद तुम्ही परिवहन कार्यालयात कशाला ओढवून घेता? नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षं चालते. नंतर रोजच्या वापराला गाडी नेता येत नाही, हेही घरात आधी बोलून घ्या.

साध्या नोंदणीच्या गाडीलाही कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ‘कोण बघतंय’ या भरवशावर राहू नका, कार्यालयात लेखी विचारा.

जुनी गाडी घेतोय. मालक म्हणतो पुराचं पाणी लागलेलं नाही. डिकीवर भला मोठा स्पॉयलर आहे. काय बघून घेऊ? (कागल)

स्पॉयलर काढून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवा. काढला तर त्याखाली आणि झाकणाच्या खालच्या कडेने लोहचुंबक फिरवा. तो जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. स्टेपनी उचलून तळाच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ आहे का पाहा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर नुसता रंग मारून विकलेल्या गाड्या मी उघडून पाहिल्या आहेत. पैसे देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून घ्या, आणि ती तुमच्या मेकॅनिकने बघू दे, मालकाच्या नव्हे.

स्पॉयलरमध्ये ब्रेकलाइट आहे. जोडू का? (रंकाळा)

जोडा, पण स्वतंत्र फ्यूज घालून, आणि वायरमनकडूनच. जुन्या वायरचं आवरण वाकवलं की तडकतं.

विमा कंपनीला कळवावं लागतं का? (कदमवाडी)

हो. लेखी, आणि बसवण्याआधी.