वाचकांचे प्रश्न: आजारी बाळांच्या संस्थेत मदतीला जायचंय, कसं जाऊ?

प्रश्न: ताई नमस्कार. मी कोथरूडला राहते, वय ५६, मागच्या वर्षी बँकेतून व्हीआरएस घेतली. मिस्टरांना जाऊन चार वर्षं झाली, मुलगा-सून जर्मनीत. यंदा पितृपक्षात शेजारच्या वहिनींबरोबर एका संस्थेत अन्नदानाला गेले होते, तिथे सगळी आई-वडील नसलेली आणि शिवाय आजारी अशी लहान मुलं, कोणाची टाळू फाटलेली, कोणाच्या हृदयाला भोक, एकाला फिट्स येतात. दीड-दोन वर्षांची एक मुलगी पळत आली आणि माझ्या साडीला धरून बसली, सोडेचना. घरी आल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मला तिथे मदतीला जायचंय पण मेडिकलचं काहीच येत नाही, घेतील का? लळा लागला तर काय करू? आणि शनिवार-रविवार तिला घरी आणता येईल का?

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी त्या साडी धरणाऱ्या मुलीबद्दलच बोलते, कारण बाकी सगळं तिथूनच सुरू होतं.

आपल्याला वाटतं तिने आपल्याला निवडलं. ११ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, आणि ते वाटणं किती खरं वाटतं ते मला माहितेय. पण बघा, आपल्या घरातलं दीड-दोन वर्षांचं मूल अनोळखी बाई दिसली की आईच्या पदरात तोंड खुपसतं, आणि तेच त्या वयाला साजेसं असतं. जे मूल येईल त्याच्या मागे धावत जाऊन चिकटतं ना, त्याच्याकडे बरेचदा हक्काचं असं एक माणूस नसतं, बरीच माणसं येऊन गेलेली असतात. रोमानियात बुखारेस्टला २००० च्या सुमारास संस्थेतल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला, निम्म्या मुलांसाठी प्रतिपालक कुटुंबं, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणारी कुटुंबं, शोधली आणि मग वर्षानुवर्षं त्यांची वाढ बघितली. कुटुंबात गेलेली मुलं पुढे निघाली, आणि त्यातही जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांची प्रगती जास्त चांगली झाली. पोटभर दूध आणि औषध तर हवंच, पण तेच ते माणूस रोज पुन्हा येणं हे बाळाच्या मेंदूलासुद्धा लागतं.

आता तुम्ही किंवा मी आठवड्यातून एकदा जाऊन आई होऊ शकत नाही. पण ‘येऊन गेलेल्या’ माणसांत आणखी एकाची भर न घालणं आपल्या हातात आहे. म्हणून पहिला निर्णय हा घ्या की आठवड्यातला कुठला वार आणि कुठली वेळ तुम्ही निदान सहा महिने पाळू शकता. मंगळवार चार ते सहा म्हणजे मंगळवार चार ते सहा, पाऊस असो, गणपतीत रस्ते बंद असोत. रोज जाईन रोज जाईन म्हणून पहिले पंधरा दिवस रोज जाणाऱ्या आणि मग दिसेनाशा होणाऱ्या बायका मी खूप बघितल्यात, सगळ्या मनाने चांगल्याच, पण मुलांसाठी ते फार वाईट असतं.

हे मी स्वतः चुकून शिकलेय. माझ्या मुलीचं लग्न होतं, पाच आठवडे मी गेलेच नाही, संस्थेत ताईंना फोन करून कळवलं आणि मला वाटलं झालं. तेव्हा एक तीन वर्षांचा मुलगा होता, हृदयाच्या ऑपरेशनसाठी थांबलेला, दर मंगळवारी माझ्या मांडीवर बसून लाकडी ठोकळे रचायचा. मी परत गेले तर त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मावशी म्हणाल्या, पहिले दोन-तीन मंगळवार चार वाजले की दाराकडे तोंड करून बसायचा, मग नाही बसला. त्याला मी स्वतः सांगून गेलेच नव्हते, मला वाटलं एवढ्याशा मुलाला काय कळतंय. आता मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलांसमोर खुणा करते, या दिवशी येणार, या दिवशी नाही येणार, परत या दिवशी येणार. ज्याला बोलता येत नाही त्यालासुद्धा सांगते.

मेडिकलचं येत नाही म्हणून अडत नाही. अर्ज, आधार, पोलीस व्हेरिफिकेशन, तब्येतीचं सर्टिफिकेट असं बरंच मागतील, आणि न मागता सरळ आत सोडत असतील तर मला उलट काळजी वाटेल. आत गेल्यावर तुम्हाला बहुतेक कपड्यांच्या घड्या, दुधाच्या बाटल्या धुऊन उकळणं, खेळणी पुसणं असं काम मिळेल, ते मनापासून करा. मी जाते तिथे रात्री एका मावशीकडे सात बाळं असतात, त्यातल्या दोघांना नळीने दूध, एकाला फिटचं औषध ठरलेल्या वेळेला द्यायचं असतं. तुम्ही घड्या घातल्यात तर ती मावशी पंधरा मिनिटं एका बाळाला मांडीवर घेऊन नुसती त्याच्याशी बोलत बसू शकते, आणि त्या बाळासाठी रोजचं माणूस तीच आहे, आपण नाही. मावशींना विचारल्याशिवाय काही करू नका, त्यांना मुलांचं रडणंसुद्धा ओळखू येतं.

भरवणं तर शिकवल्याशिवाय अजिबात नको. टाळू फाटलेल्या बाळाला दूध ओढून घेता येत नाही, तोंडात ती ओढ तयारच होत नाही, म्हणून त्याला वेगळी बाटली लागते, जवळजवळ बसतं धरावं लागतं, थोडं पाजून थांबायचं, ढेकर काढायची, परत थोडं. सुरुवातीला मी एकाला आपल्या बाळांसारखं आडवं घेऊन पाजायला गेले तर दूध सगळं नाकातून आलं आणि तो गुदमरला, मावशींनी माझ्या हातातून हिसकावून घेतला म्हणून निभावलं. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांचं असताना करतात आणि टाळूचं बहुतेक वर्ष-दीड वर्षाच्या आसपास, तोपर्यंत वजन वाढवणं हीच लढाई असते, एकेक चमचा मोजतात. हृदयाला भोक असलेल्या बाळाला दूध पिताना धाप लागते, कपाळावर घाम येतो, मध्येच थकून झोपतं, आपल्याला वाटतं पोट भरलं. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसलेल्या मुलाला मान धरून सरळ बसवल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नसतो, पातळ पदार्थ पटकन श्वासनलिकेत जातो. म्हणून तिथीचं अन्नदान न्याल तेव्हासुद्धा लाडू मुलांच्या हातात न देता ऑफिसमध्ये द्या, कोणाला काय चालतं ते त्यांना माहीत असतं.

स्वच्छतेचं सांगतील पण तुम्ही आधीच तयारीने जा. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या घरी, साबणाने हात निदान २० सेकंद. तुमच्या डॉक्टरांना विचारून फ्लूची लस घ्या, गोवर आणि कांजिण्यांचं काय झालंय तेही तपासून घ्या. आणि साधा खोकला असला तरी त्या आठवड्यात जाऊ नका, फोन करा. ऑपरेशनची तारीख मिळालेल्या बाळाला सर्दी-खोकला झाला की ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, आणि ती तारीख मिळवायला संस्थेच्या ताईंनी किती खेटे घातलेले असतात ते तुम्हाला लवकरच कळेल. त्यावरून आठवलं, बँकेत इतकी वर्षं काढलीत ना, मग कागदपत्रांची मदत विचारून बघा. सरकारी योजनांचे फॉर्म, ऑपरेशनच्या खर्चाचे अर्ज, फायली लावणं, हॉस्पिटलच्या ओपीडीत नंबर लावून मावशीबरोबर बसणं, याला माणूसच मिळत नाही. मुलांना मांडीवर घ्यायला दहा जण येतात, फाईल घेऊन तीन तास बाकावर बसायला कोणी येत नाही.

घरी आणायचं विचारलंत. नाही आणता येत, आणि नाही आणता येत हे बरंच आहे. मूल बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीच्या, आदेशाने संस्थेत असतं, समितीच्या परवानगीशिवाय संस्थासुद्धा त्याला कोणाच्या घरी पाठवू शकत नाही. तिला दोन दिवस कोथरूडला आणून रविवारी संध्याकाळी परत नेऊन सोडलं तर ती त्याचा काय अर्थ लावेल याचा विचार करा. पण घरात मूल असावं ही इच्छा टिकून राहिली तर त्याचा रीतसर रस्ता आहे, त्याला फॉस्टर केअर म्हणजे प्रतिपालकत्व म्हणतात, बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये कलम ४४ ला आहे. केंद्राच्या २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकट्या व्यक्तीलाही मूल प्रतिपालनासाठी घेता येतं, विधवा बाईलाही. ते साधारण सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी असतं, वयाच्या अटी आहेत, घराची पाहणी होते, म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन आधी सगळं विचारा. पण सहा महिने मंगळवार पाळून झाल्यावरच तिकडे जा असं मी म्हणेन.

लळ्याचं म्हणाल तर तो लागणारच, लागू द्या. फक्त ‘मी तुझी आई’, ‘मी तुला घेऊन जाणार’ असं लाडानेसुद्धा बोलू नका. तो ठोकळेवाला मुलगा ऑपरेशन होऊन बरा झाला आणि चार महिन्यांनी दत्तक गेला. शेवटच्या मंगळवारी मी त्याला सांगितलं की आता तुला तुझे आई-बाबा न्यायला येणार, तुझे ठोकळे तुझ्याबरोबर येतील. घरी आल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नाही. पुढच्या मंगळवारी चार वाजता गेले कारण बाकीची मुलं होतीच.

पुण्यात कुठे जाऊ म्हणाल तर ससून हॉस्पिटलच्या आवारात सोफोश या संस्थेचं ‘श्रीवत्स’ हे लहान मुलांचं केंद्र आहे, सोफोश १९६४ पासून काम करतेय. भारतीय समाज सेवा केंद्र १९७९ पासून आहे. तुम्ही गेलेली संस्थाही चालेल, फक्त बाल न्याय कायद्याखाली तिची नोंदणी आहे ना ते विचारा, चांगली संस्था न रागावता दाखवते. आणि आधी फोन करा, तुम्हाला काय करायचंय ते सांगण्याआधी त्यांना कशाची गरज आहे ते विचारा.

प्रश्न: ताई, मी विमाननगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. माझा बर्थडे आम्ही १२ फ्रेंड्स मिळून अशाच मुलांच्या संस्थेत सेलिब्रेट करायचं ठरवतोय, केक, फुगे, मुलांबरोबर रील पण करू म्हणजे अजून लोकांना इन्स्पिरेशन मिळेल. संस्थेने नाही म्हटलं, वाईट वाटलं. का नाही म्हणत असतील?

उत्तर: अरे, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्या मनात आलं हेच मला आवडलं. पण १२ जण एकदम म्हणजे १२ घरांचे जंतू, आणि आत अशी बाळं आहेत ज्यांना साधी सर्दी आयसीयूत पोचवते. फुग्यांचं म्हणशील तर फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकतो, आणि काही मुलांना, ज्यांची वारंवार ऑपरेशनं होतात त्यांना, रबराची म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जीही असते. रीलचं तर विसरूनच जा, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे या मुलांची ओळख पटेल असं नाव, फोटो काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेव, उद्या हे मूल मोठं होईल, कॉलेजात जाईल, तेव्हा त्याचा नळी लावलेला लहानपणीचा व्हिडिओ कोणी शोधून काढला तर?

तुम्ही १२ जण आहात ना, मग रक्तदान करा, थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं आणि मे महिन्याच्या सुट्टीत डोनर कमी पडतात. वाढदिवसाचे पैसे डायपरना द्या, साईज विचारून. आणि दोघं-तिघं शाळेच्या वयाच्या मुलांना गणित शिकवायला आठवड्यातून एकदा वर्षभर याल का ते विचारून बघा, हॉस्पिटलच्या फेऱ्यांमुळे त्यांची शाळा खूप बुडते.

प्रश्न: मी सिंहगड रोडला राहतो, रिटायर्ड आहे. एचआयव्ही असलेल्या मुलांच्या संस्थेत शिकवायला जायची इच्छा आहे. घरात लहान नातू आहे म्हणून सौ. घाबरते. तिला काय सांगू?

उत्तर: काका, काकूंना स्पष्ट सांगा की एचआयव्ही स्पर्शाने, मिठी मारल्याने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने, डास चावून पसरत नाही. ही मुलं रोज ठरलेल्या वेळी गोळ्या घेतात, गोळ्या नीट चालू असल्या की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसतही नाही, आणि मुलं शाळा, खेळ, सगळं करतात. आपल्याकडे विजयाताई लवाटेंनी १९९७ मध्ये एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी ‘मानव्य’ सुरू केलं तेव्हा अशा मुलांना कोणी जवळ घ्यायला तयार नव्हतं. कोणाला लागण आहे कोणाला नाही असं तिथे विचारू नका, विचारायची गरजही नाही, कोणी पडलं-खरचटलं तर हातमोजे घालून पुसायचं हा नियम सगळ्याच मुलांना सारखा असतो.

आणि काकूंना हेही सांगा की नातवाची काळजी करतायत ती बरोबर आहे, फक्त उलट बाजूने. नातवाला कांजिण्या, गोवर, नुसता ताप आला तरी तुम्ही त्या आठवड्यात शिकवायला जायचं नाही, संस्थेत फोन करून तसं कळवायचं, आणि पुढच्या वेळी कधी येणार ते मुलांना सांगायला लावायचं.