चिनी राजवंश वाचायला घेताय? हे आधी बघा

सगळ्या राजवंशांची यादी पाठ करायला बसू नका, नवखे तिथेच कंटाळतात. आधी पाचच धरा: हान, थांग, सोंग, मिंग, छिंग. मधली फाटाफूट नंतर पाहू.

त्यातही मिंगचा शेवट नीट वाचाच. दुष्काळ, रिकामा खजिना, उत्तरेला मांचूंशी (पुढे छिंग राजवंश उभा करणारे लोक) लढाई. खर्च वाचवायला सरकारी टपालचौक्यांवरची माणसं कमी केली, त्यांतलाच एक ली त्झछंग. तोच १६४४ मध्ये बंडखोरांची फौज घेऊन बीजिंगमध्ये शिरला आणि सम्राट छोंगचनने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. मग मिंगचा सेनापती वू सानग्वेई याने चीनच्या भिंतीवरच्या शानहाय खिंडीतून मांचूंना आत घेतलं.

दोन चुका हमखास होतात:

- ‘शेवटचा सम्राट नालायक, म्हणून राज्य बुडालं.’ लगेच मानू नका. आधीच्या राजवंशाचा अधिकृत इतिहास पुढचा राजवंश लिहून घेई. छोंगचन तर कष्टाळू होता.
- एका वर्षात सगळं पालटलं असं समजणं. छिंगची घोषणा १६३६ चीच, आणि दक्षिणेत मिंगचे वारस १६६२ पर्यंत झुंजत होते.

करपद्धती, दरबारातल्या खोजांचं (नपुंसक केलेल्या सेवकांचं) राजकारण सध्या राहू द्या. मिंगनंतर थांगकाळातलं सेनापती आन लूशानचं बंड (७५५) घ्या. अडलं तर बिनधास्त विचारा.