घरच्या छोट्या नेटवर्कला बाहेरच्या हल्ल्यांपासून वाचवायला वेगळं फायरवॉल यंत्र (बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारं) घ्यावं का?

नको, दोन लॅपटॉप, टीव्ही आणि एखादा कॅमेरा असलेल्या घराला राउटरमधलं फायरवॉल पुरतं. आधी राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. त्याने राउटरची सेटिंग उघडते; तो वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो आणि पुष्कळ घरांत कंपनीने दिलेलाच राहून जातो. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले, ते साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक लावून. त्याचा सोर्स कोड त्याच वर्षी उघड झाला, त्यात ती यादी सरळ दिसते. कॅमेऱ्याचाही पासवर्ड म्हणूनच बदला. मग राउटरच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१) एवढं करा:

- रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून राउटरची सेटिंग बदलण्याची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडण्याची सोय) बंद
- यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना राउटरमध्ये आपणहून पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडू देणारी सोय, बंद (काही ऑनलाइन गेम अडतील, तेव्हा लागेल तेवढंच पोर्ट उघडा)
- फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट; कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल तर राउटरच बदला, हे मी आग्रहाने सांगेन
- कॅमेरा आणि टीव्ही गेस्ट नेटवर्कवर (त्याच राउटरचं, लॅपटॉपपासून वेगळं ठेवलेलं वाय-फाय)

मात्र ‘केवायसी अपडेट करा’ म्हणून आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी) घरातल्याच कुणी फोनवर उघडली, तर यातलं काहीही तिला अडवणार नाही.